दहा हजार सायकली, एक रस्ता आणि तो आखून ठेवणारे ओल्मस्टेड

१५ जून १८९४. न्यूयॉर्कला खेटून असलेलं ब्रुकलिन तेव्हा स्वतंत्र शहर होतं. त्या दिवशी तिथल्या प्रॉस्पेक्ट पार्कपासून कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणारा, फक्त सायकलींसाठीचा मार्ग सुरू झाला. पहिल्याच दिवशी सुमारे दहा हजार सायकलस्वार आले. अमेरिकेतला हा पहिला खास सायकल मार्ग मानला जातो. गर्दी इतकी वाढली की १८९६ मध्ये परतीसाठी दुसरा मार्ग करावा लागला.

पण शहरात एवढी जागा आली कुठून?

तर ओशन पार्कवे नावाचा हा रस्ता तब्बल २१० फूट रुंद होता. मधे गाड्यांचा रस्ता, दोन्हीकडे झाडं, झाडांखाली चालायची वाट आणि त्यापलीकडे घरांकडे जाणारे छोटे रस्ते. सायकली आल्या तेव्हा चालायच्या पट्ट्यातूनच त्यांना हिस्सा मिळाला. या रस्त्याची कल्पना मांडणाऱ्या दोघांपैकी एक होते फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड.

ओल्मस्टेड यांचा जन्म १८२२ चा, कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डचा. विषारी झुडपाची बाधा होऊन डोळे बिघडले आणि येल कॉलेजात शिकायचं राहून गेलं. मग १८४३ मध्ये जहाजावर उमेदवारी करत ते चीनला गेले. परत आल्यावर शेती केली. ती सोडून पत्रकारिता केली आणि अमेरिकेच्या दक्षिणेत फिरून गुलामगिरीवर लिहिलं. थोडक्यात, पस्तिशीपर्यंत या माणसाचं कुठेच बस्तान बसलं नव्हतं.

मधल्या काळात, १८५० मध्ये, ते इंग्लंडला गेले होते. तिथे बर्कनहेड पार्कमध्ये सगळ्या थरांतले लोक एकाच बागेत फिरताना दिसले. हे त्यांच्या मनात बसलं.

१८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कवर अधीक्षकाची नोकरी मिळाली. पुढच्याच वर्षी कॅल्व्हर्ट व्हॉक्स या वास्तुरचनाकाराबरोबर केलेला त्यांचा आराखडा स्पर्धेत पहिला आला. त्यातली खरी हुशारी रस्त्यांत आहे. शहराची वाहतूक पार्कच्या आरपार जाणार होतीच, म्हणून तिच्यासाठी चार रस्ते जमिनीच्या पातळीखालून नेले. आत पायी चालणारे, घोडेस्वार आणि बग्ग्या यांच्या वाटा वेगळ्या आणि एकमेकींना छेदतील तिथे पूल. आज वेगाप्रमाणे लेन वेगळ्या करा असं नियोजनकार सांगतात, ते इथे सायकल रूढ होण्याआधीच झालं होतं.

या पार्कची दुसरी बाजूही आहे. त्या जागेवर आधी सेनेका व्हिलेज ही वस्ती होती, कृष्णवर्णीयांची स्वतःच्या मालकीची घरं होती. जागा ताब्यात घेताना ती उठवली गेली. हा निर्णय ओल्मस्टेड यांच्या आराखड्याआधीचा, पण सर्वांसाठीची बाग कोणाच्या घरांवर उभी राहिली हे विसरता येत नाही.

१८६८ च्या सुमारास दोघांनी पुढचं पाऊल टाकलं. एक मोठी बाग करून भागत नाही, तिथपर्यंत पोचायची वाटही बागेसारखीच हवी. यालाच त्यांनी पार्कवे म्हटलं. बफेलो शहरात बागा अशा रस्त्यांनी एकमेकींना जोडल्या. बोस्टनमध्ये १८७८ पासून ओल्मस्टेड यांनी दुर्गंधी सुटणाऱ्या दलदलीवर आणि मडी रिव्हर या नदीवर काम केलं. पुराचा, सांडपाण्याचा प्रश्न सोडवता सोडवता बागांची साखळी तयार झाली. तिला आज ‘एमराल्ड नेकलेस’ म्हणतात.

बोस्टनशेजारच्या ब्रुकलाइनमध्ये त्यांनी १८८६ मध्ये बीकन स्ट्रीट रुंद करायचा आराखडा दिला. त्यात ट्रामचे रूळ, गाड्या, घोडेस्वार आणि पादचारी या सगळ्यांना एकाच रस्त्यात आपापली जागा होती. १८८९ मध्ये तिथे विजेची ट्राम धावू लागली. त्याच रस्त्याच्या मधोमध आजही ग्रीन लाइन धावते.

१८९५ मध्ये स्मरणशक्ती साथ देईना म्हणून ते निवृत्त झाले. शेवटची वर्षं मॅक्लीन मनोरुग्णालयात गेली. त्या रुग्णालयाच्या आवारासाठी पूर्वी त्यांनीच सल्ला दिला होता. २८ ऑगस्ट १९०३ ला ते गेले.

त्यानंतर मोटारी आल्या. रुंद, मोकळे पट्टे हायवे बांधणाऱ्यांना आयतेच सापडले. बफेलोचा हंबोल्ट पार्कवे १९६० च्या आसपास उकरला गेला आणि कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या मधून एक्सप्रेसवे गेला. बोस्टनमध्ये मडी रिव्हरचा एक तुकडा पार्किंगसाठी पाइपात घातला गेला. तो पुन्हा उघडायला एकविसावं शतक उजाडलं.

बोस्टनमध्ये आणखी एक हायवे येणार होता. त्यासाठी घरं पाडलीही होती. लोकांनी विरोध केला, १९७० च्या दशकात तो रद्द झाला आणि त्या जागी १९८७ मध्ये ऑरेंज लाइनची रेल्वे आली. तिच्या कडेने सुमारे साडेसात किलोमीटरचा हिरवा पट्टाही झाला. त्यात सायकल मार्ग आहे. गर्दीची वेळ सोडून ऑरेंज लाइनच्या गाडीत सायकल घेऊन चढता येतं. फॉरेस्ट हिल्सच्या शेवटच्या स्टेशनवर उतरलं की जवळच ओल्मस्टेड यांच्या साखळीतलं अर्नोल्ड आर्बोरेटम लागतं.