क्रिकेटपटू कै. बाळू बाबाजी पालवणकर

आपल्या कवठे येमाईच्या आसपासचीं मुलें सुटी लागतांच मोकळ्या रानांत तीन काठ्या रोवून क्रिकेट खेळूं लागतात. त्यांना बॅट हातीं घेण्याची जेवढी हौस, तेवढी चेंडू टाकण्याची नसते. ज्या पुरुषाचें चरित्र येथें देत आहों, त्याला तारुण्याचीं कित्येक वर्षें केवळ चेंडूच टाकावा लागला. बॅट त्याच्या हातीं क्वचितच कोणीं दिली. तथापि हिंदुस्थानांतील पहिला थोर गोलंदाज म्हणून त्याचेंच नांव घ्यावें लागतें.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथें झाला. घराणें मूळचें कोंकणांतील, जातीनें चर्मकार. वडील लष्करी नोकरींत असल्यामुळें बाळूंचें बालपण पुण्यास गेलें. गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेलें खेळाचें साहित्य घेऊन ते व त्यांचे धाकटे बंधु शिवराम हा खेळ शिकले. पुढें पारशी मंडळींच्या क्रिकेट-मैदानावर झाडलोट करणें व खेळपट्टीवर रूळ फिरविणें हें काम बाळूंना मिळालें. पगार दरमहा ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबांत आले, तेव्हां तो ४ रुपये झाला. येथेंही रूळ होताच. शिवाय सरावाच्या जाळ्या बांधाव्या आणि टेनिसच्या मैदानावर रेघा आखाव्या.

सरावाच्या वेळीं सभासदांना चेंडू टाकण्यास कोणी तरी हवाच असे. तें काम हळूहळू बाळूंकडे आलें. ते डाव्या हातानें मंद चेंडू टाकीत. क्लबांत कॅप्टन ग्रेग नांवाचे एक नामांकित फलंदाज होते. आपणांस बाद केल्यास दर वेळीं आठ आणे देण्याचें त्यांनीं बाळूंना कबूल केलें होतें, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल तर साहेब आठ वेळां बाद झाले कीं महिन्याचा पगार हातीं येई! शेंकडों तास अशी चेंडूफेक करून बाळूंनीं आपली कला घडविली, आणि त्याबरोबर साहेबांची फलंदाजीही. वस्तुतः ही शिकवणीच होती. परंतु शिकविणारा मैदान झाडणारा नोकर असल्यामुळें त्याला गुरु कोण म्हणणार?

पुण्याच्या हिंदु खेळाडूंना युरोपियनांवर जय मिळवावयाचा होता व त्यासाठीं बाळू हवे होते. त्यांना संघांत घ्यावें कीं नाहीं यावर मोठा वाद झाला. अखेर त्यांना घेतलें, परंतु कसें तें पाहण्यासारखें आहे. मैदानांत सर्वांनीं एकाच चेंडूला हात लावावा. चहाच्या वेळीं मात्र बाळूंनीं बाहेर राहावें व त्यांचा चहा निराळ्या मातीच्या भांड्यांत द्यावा. जेवणाचें ताट निराळें, बसण्याची जागा निराळी. तोंड धुण्यास पाणी लागल्यास तें अस्पृश्य नोकरानें आणून द्यावें. ज्या हातानें जय मिळवून दिला, त्या हाताची ही व्यवस्था! साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध त्यांनीं ७ गडी बाद केले, आणि पुढें पुण्यांतील एका समारंभांत न्यायमूर्ति रानडे यांनीं त्यांना पुष्पहार घातला. खाण्यापिण्याचे निर्बंध पुढें सैल होत गेले, पण एका दिवसांत नव्हे.

पुण्यास प्लेग आल्यावर पालवणकर कुटुंब मुंबईस गेलें. तेथें बाळू हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागले व बी. बी. अँड सी. आय. रेल्वेंत नोकरीस लागले. फेब्रुवारी १९०६ मध्यें मुंबईस हिंदु व युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२; म्हणजे हिंदूंचा १०९ धावांनीं जय. त्यांत बाळूंनीं ८ गडी बाद केले. राज्यकर्त्यांचा त्यांच्याच खेळांत झालेला हा पराभव देशभर गाजला.

१९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखालीं हिंदुस्थानचा संघ इंग्लंडास गेला. संघाचे पराभवच अधिक झाले. पण पस्तिशीच्या बाळूंनीं दौऱ्यांत ११४ गडी बाद केले, तेही सरासरी १९ हूनही कमी धावांत. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजानें त्यांचा सत्कार केला.

एवढें करूनही हिंदु संघाचें नायकत्व त्यांना मिळालें नाहीं. १९१० पासून दर वर्षीं त्यांचे चाहते मागणी करीत आणि ती डावलली जाई. १९१३ सालीं नायक झालेले एम. डी. पै यांनीं हा मान खरोखर बाळूंचा होता असें सत्कारप्रसंगीं मोकळ्या मनानें बोलून दाखविलें, हें त्यांना भूषणावह आहे. १९२० सालीं तर बाळूंना संघांतूनच वगळलें. तेव्हां शिवराम व विठ्ठल या बंधूंनीं खेळण्यास नकार देऊन आपलें गाऱ्हाणें जाहीरपणें मांडलें. लोकमत क्षुब्ध झालें. अंतिम सामन्यास बाळूंना परत बोलावून उपनायक केलें. सामना चालूं असतां पै कांहीं काळ मैदानाबाहेर राहिले, व तेवढा वेळ संघ बाळूंनीं चालविला. दहा वर्षांच्या वादाचें त्यांच्या वांट्यास आलेलें फळ एवढेंच. नायकत्व घरांत आलें तें १९२३ सालीं, विठ्ठलांकडे. आणि त्याच वर्षीं हिंदूंनीं चौरंगी स्पर्धा जिंकली. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंनीं १७९ गडी बाद केले होते.

उत्तर आयुष्यांत ते राजकारणांत शिरले. डॉ. आंबेडकरांना तरुणपणीं बाळूंविषयीं मोठा आदर होता. परंतु विभक्त मतदारसंघाच्या प्रश्नावर दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या. १९३२ च्या पुणें करारावर बाळूंचीही सही आहे. १९३७ च्या निवडणुकींत काँग्रेसनें त्यांना मुंबईंत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभें केलें. डॉक्टरांना १३,२४५ मतें पडलीं, बाळूंना ११,२२५. त्यांनीं उभें राहावयास नको होतें, असें आज पुष्कळांस वाटतें; प्रस्तुत लेखकासही वाटतें. परंतु ज्यांच्याबरोबर मातीच्या भांड्यापासून हारापर्यंतचा प्रवास केला, त्यांच्याविषयीं त्यांची आशा सुटली नव्हती, हेंही ध्यानांत घ्यावयास हवें.

४ जुलै १९५५ रोजीं मुंबईस त्यांचें निधन झालें.