छत्रपती प्रतापसिंह : एका पदाचे उत्तरचरित्र

छत्रपती हे पद संस्कृत घडणीचे आहे. छत्र हे राजचिन्ह आणि पती म्हणजे स्वामी, इतका त्याचा साधा विग्रह. मध्ययुगीन भारतात अश्वपती, गजपती, नरपती ही बिरुदे राजघराण्यांशी निगडित होती. त्यांत सैन्याच्या एकेका अंगाचा निर्देश होता. छत्रपती या पदात घोडा नाही, हत्ती नाही आणि पायदळही नाही. त्यात आहे ते केवळ अभिषिक्त राजाचे सार्वभौमत्व. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांनी हे पद धारण केले, आपल्या नाण्यांवर ते नागरी अक्षरांत उमटविले आणि राज्यव्यवहारकोशाच्या रूपाने कारभाराच्या भाषेलाही संस्कृत वळण देण्याचा प्रयत्न केला. या पदाच्या उगमाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्याची अखेर कशी झाली याविषयी मात्र त्या मानाने फार थोडे लिहिले गेले. ही अखेर ज्यांच्या आयुष्यात घडून आली ते साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज होत.

प्रतापसिंहांचा जन्म १८ जानेवारी १७९३ रोजी झाला. तोवर या पदाची अवस्था मोठी चमत्कारिक झाली होती. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या मान्य झाल्या. १७४९ मध्ये थोरले शाहू महाराज वारल्यानंतर सत्ता पुण्याकडे गेली आणि सातारच्या वाड्यात पद तेवढे शिल्लक राहिले. मात्र ते निरुपयोगी ठरले नाही. पेशव्याला पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहूनच घ्यावी लागत. ज्याच्या हाती काही नाही त्याच्याकडून सर्वाधिकाराची मान्यता मिळवावयाची, असा हा व्यवहार होता. पदातील अर्थ नाहीसा झालेला नव्हता, तो दुसऱ्याच्या कामी येत होता, एवढेच.

१८०८ मध्ये वडील दुसरे शाहू महाराज निधन पावले आणि पंधरा वर्षांचे प्रतापसिंह गादीवर आले. चुलते चतुरसिंह यांनी दुसऱ्या बाजीरावाच्या विरोधात धडपड केली. त्यांना त्रिंबकजी डेंगळ्याने पकडले आणि कांगोरीच्या किल्ल्यावर कैदेतच त्यांचा अंत झाला. याच काळात, १८१०–११ च्या सुमारास, मल्हार रामराव चिटणीसांनी शिवछत्रपतींची सप्तप्रकरणात्मक बखर सिद्ध केली. सातारच्या दरबाराशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध असलेल्या लेखकाने, त्या दरबारात काहीच घडत नसताना, मूळ पुरुषाचे विस्तृत चरित्र लिहावे ही बाब वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने सूचक आहे. सभासदाने आपली बखर जिंजीच्या संकटात लिहिली, चिटणीसांनी ती नजरकैदेच्या छायेत लिहिली. छत्रपती या पदाविषयीचे मराठी गद्य ऐश्वर्याच्या दिवसांत फारसे जन्मलेले दिसत नाही.

१८१७ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटले तेव्हा बाजीरावाने राजकुटुंबास वासोट्याच्या किल्ल्यावर ठेवले आणि पुढे आपल्या छावणीबरोबर फिरविले. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि प्रतापसिंह आपल्या मातोश्री व बंधूंसह इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टनने त्यांना सातारच्या गादीवर बसविले. मराठ्यांची मने पेशव्यापासून तोडावयाची तर छत्रपतींस पुढे करावे, हा त्यातील हिशेब उघड आहे. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने कृष्णा-वारणेपासून नीरा-भीमेपर्यंत आणि सह्याद्रीपासून पंढरपूर-विजापूरपर्यंतचा मुलूख त्यांच्याकडे आला. घराण्याच्या प्राचीनत्वाचा मान राखून त्यास सुखाने व प्रतिष्ठेने राहता येईल इतके राज्य देण्यात येत आहे, असा या तहाचा आशय होता. कंपनी सरकारच्या संमतीवाचून कोणत्याही परसंस्थानाशी व्यवहार न करण्याची अटही त्यात होती. पुढे जे काही झाले ते सर्व याच अटीच्या आधाराने झाले.

पहिली काही वर्षे कॅप्टन जेम्स ग्रँट याच्या देखरेखीखाली गेली. तोच पुढे ग्रँट डफ या नावाने मराठ्यांचा इतिहासकार म्हणून प्रसिद्धी पावला. सातारच्या दप्तरातील कागद त्याला पाहावयास मिळाले, त्याच्या १८२६ च्या ग्रंथाचा पाया त्यांवर उभा आहे. पुढच्या काळात मराठी अभ्यासकांनी या ग्रंथाचे जे खंडन केले ते मराठी इतिहासलेखनाचा आरंभबिंदू मानले जाते. प्रतापसिंहांनी आपल्या दारी इतिहासकारास आश्रय दिला आणि त्या इतिहासाशी वाद घालता घालता मराठी संशोधन उभे राहिले, ही परंपरा ध्यानात घेण्याजोगी आहे. १८२२ मध्ये कारभार प्रत्यक्ष त्यांच्या हाती आला. ते स्वतः कागद पाहत, दैनंदिन नोंदी ठेवीत, न्यायाकडे लक्ष पुरवीत. साताऱ्यात त्यांनी शाळा चालविली, रस्ते बांधले. पदाला कर्तव्याचा आशय द्यावयाचा, हा त्यांचा निश्चय या सर्व खटाटोपात दिसून येतो.

महाबळेश्वरचे प्रकरण याच काळातले आहे. कृष्णेच्या उगमाचे हे क्षेत्र भोसले घराण्याच्या विशेष श्रद्धेचे. १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी जिजाबाईंची सुवर्णतुला येथेच केली. १८२४ मध्ये साताऱ्यातील फौजेचा अधिकारी पीटर लॉडविक या पठारावर चढून गेला आणि तेथील हवेची वार्ता त्याने इंग्रजांत पसरविली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने ते ठिकाण मनावर घेतले. साताऱ्याहून वर जाणारा रस्ता महाराजांनी करविला. १८२९ मध्ये त्यांनी पठारावरील मुलूख इंग्रजांस दिला आणि त्याच्या मोबदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव घेतले. नवी वसाहत माल्कमपेठ या नावाने उभी राहिली. उगमाचे देवस्थान ते क्षेत्र महाबळेश्वर आणि बाजाराची वस्ती ती माल्कमपेठ, अशी विभागणी तेव्हापासूनची आहे.

हा व्यवहार वरवर पाहता राजीखुशीचा होता आणि महाराजांनी तो मैत्रीच्या भावनेने केला, यात संशय घेण्याचे कारण नाही. तथापि ज्या डोंगररांगेत प्रतापगड उभा आहे आणि जेथून कृष्णा निघते, तेथील थंड हवेचा डोंगरमाथा छत्रपतींनी एका गावाच्या बदल्यात द्यावा, यात त्या पदाची तत्कालीन मर्यादा स्पष्ट होते. दान आणि देवघेव यांतील रेषा अशा वेळी पुसट होत जाते.

प्रतापसिंहांच्या आयुष्यातील खरा वैचारिक झगडा १८३० मधला आहे. राज्याभिषेक वैदिक मंत्रांनी व्हावयाचा तर राजा क्षत्रिय असला पाहिजे. गागाभट्टांनी १६७४ मध्ये हा प्रश्न निकालात काढला होता. परंतु पेशवाईत भोसल्यांच्या क्षत्रियत्वाविषयी पुन्हा शंका घेण्यात आल्या आणि वेदोक्त संस्कारांचा अधिकार नाकारला जाऊ लागला. हा केवळ कर्मकांडाचा वाद नव्हता. छत्र हे अभिषेकाने प्राप्त होते. अभिषेकाचा अधिकारच नाकारला तर छत्रपती या शब्दाच्या पायाखालची जमीन सरकते. महाराजांनी विठ्ठल सखाराम ऊर्फ आबा पारसनीस यांच्यामार्फत घराण्याच्या उदेपूरच्या सिसोदे वंशाशी असलेल्या संबंधाचा शोध घेतला आणि साताऱ्यात पंडितांची सभा भरवून वाद करविला. विरोधी पक्षाचे नेतृत्व सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन यांच्याकडे होते. सभेचा निर्णय महाराजांच्या बाजूने लागला, वैर मात्र मिटले नाही. सत्तर वर्षांनी कोल्हापुरात शाहू छत्रपतींना ज्या वेदोक्त प्रकरणास तोंड द्यावे लागले, त्याची ही पूर्वपीठिका होय. दोन्ही प्रकरणांचा एकत्र विचार केल्याशिवाय एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजचिंतनाचा एक महत्त्वाचा धागा हाती लागत नाही.

दुसरा संघर्ष जहागिरींचा होता. भोर, औंध, फलटण, जत, अक्कलकोट येथील जहागीरदार तहाने महाराजांच्या अधिकाराखाली आले होते. त्यांच्यावरील हक्कांची व्याप्ती किती, यावरून मुंबई सरकारशी खटके उडू लागले. लंडनच्या संचालक मंडळाने १८३५ मध्ये महाराजांच्या राज्यकारभाराची प्रशंसा करून त्यांस रत्नजडित तलवार देण्याचे ठरविले. मुंबई सरकारने ती अखेरपर्यंत त्यांच्या हाती पडू दिली नाही. त्याऐवजी १८३६ मध्ये एक गुप्त चौकशी मंडळ नेमले गेले. पलटणीतील शिपायांना फितविणे, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधणे आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संपर्क ठेवणे असे आरोप क्रमाने पुढे आले. आरोपांचे स्वरूप पाहता त्यांतील विसंगती सहज लक्षात येते. लष्करी बळ जवळजवळ नसलेल्या राजाने दूरच्या पोर्तुगीज फौजेच्या भरवशावर इंग्रजांस हुसकावण्याचा बेत करावा, ही कल्पनाच दुर्बळ आहे. या मंडळात लॉडविकही होता, कारण तो तेव्हा साताऱ्याचा रेसिडेंट होता. त्याच्या जागी कर्नल ओव्हान्स आला आणि बाळाजीपंत नातूंसारख्या विरोधकांस अनुकूल काळ लाभला.

ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आला. अपराधाची कबुली देऊन पुढे तहाच्या अटी काटेकोर पाळण्याचे लिहून द्यावे, म्हणजे गादी कायम राहील, असा त्याचा प्रस्ताव होता. महाराजांनी सही करण्याचे नाकारले. प्रतापसिंहांच्या चरित्रातील हा निर्णायक क्षण. व्यवहार पाहिला तर सही करणे सोयीचे होते. बहुसंख्य संस्थानिकांनी तसेच केले असते. परंतु खोटी कबुली देऊन राखलेले राज्य आणि छत्रपती हे पद एकत्र नांदू शकत नाहीत, असा त्यांच्या नकाराचा अर्थ होतो. वाड्यात बसून इतरांच्या नावे वस्त्रे पाठविण्यापुरते उरलेले पद त्यांनी या एका नकाराने पुन्हा स्वतःचे केले. राज्य मात्र गेले.

५ सप्टेंबर १८३९ च्या पहाटे ओव्हान्सने त्यांना राजवाड्यातून ताब्यात घेतले आणि पालखीत घालून प्रथम लिंब येथे नेले. तेथून काशीकडे प्रवास सुरू झाला. वाटेतच त्यांचे आप्त, सेनापती बाळासाहेब मरण पावले. साताऱ्यात धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादी देण्यात आली. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव त्यांच्या कारकिर्दीतला, १८४२ चा. प्रतापसिंह काशीत आठ वर्षे राहिले आणि १४ ऑक्टोबर १८४७ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. बाळासाहेबांच्या मुलास त्यांनी दत्तक घेतले होते. सरकारने ते दत्तकविधान मानले नाही. पुढच्याच वर्षी शहाजी महाराज वारले. त्यांचेही दत्तक अमान्य करून लॉर्ड डलहौसीने सातारा खालसा केले. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याचा या निर्णयास विरोध होता, त्याचा उपयोग झाला नाही.

महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि १८५३ पर्यंत लंडनमध्ये झगडत राहिले. भागधारकांच्या सभांतून जॉर्ज थॉम्पसन, जोसेफ ह्यूम यांनी महाराजांचा कैवार घेतला. त्यांच्या जोडीला उभा राहिला तो लॉडविक. ज्या चौकशी मंडळावर तो बसला होता त्याच्याच निष्कर्षांविरुद्ध त्याने नंतर आवाज उठविला. महाबळेश्वरच्या ज्या टोकास आज लॉडविक पॉइंट म्हणतात तेथील स्तंभ या गृहस्थाचा आहे. मात्र त्याच्या आयुष्यातील हा उत्तरार्ध तेथे येणाऱ्या प्रवाशांना सहसा ठाऊक नसतो. रंगो बापूजी परतले आणि १८५७ च्या उठावात सहभागी होऊन अदृश्य झाले. त्यांचे पुत्र सीताराम यांना साताऱ्यात फाशी देण्यात आली.

वाङ्मयात मात्र या सर्व घटितास उशिरा स्थान मिळाले. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांवर पवाडा रचला तेव्हा हे पद लोकांच्या हाती आले आणि त्यानंतर ते रायगडाभोवतीच स्थिर झाले. कृष्णराव अर्जुन केळुसकरांचे चरित्र, बाबासाहेब पुरंदरे यांचे राजा शिवछत्रपती, रणजित देसाई यांची श्रीमान योगी, शिवाजी सावंत यांची छावा, ही सर्व सतराव्या शतकाची वाङ्मयसृष्टी आहे. चित्रपटाचेही तेच. १९३० मध्ये व्ही. शांताराम यांच्या शिवचरित्रावरील मूकपटाच्या नावातील स्वराज्य हा शब्द परकी सरकारला खुपला आणि चित्रपट उदयकाल या नावाने आला. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, भालजी पेंढारकरांच्या छत्रपती शिवाजी या बोलपटात हे पद शीर्षकातच निर्वेधपणे झळकले. २०२५ मध्ये सावंतांच्या कादंबरीवरील हिंदी चित्रपटाने ते मराठीबाहेरील प्रेक्षकांपर्यंत नेले.

यात नवल नाही. महाकाव्याला आणि पडद्याला विजय हवा असतो, निदान रणांगणावरील मरण हवे असते. सहीला दिलेला नकार, अर्जविनंत्यांची बाडे, काशीतील बंदिवास हे विषय नाट्याला अवघड. त्यामुळे प्रतापसिंहांची कथा मुख्यतः वादपर इतिहासलेखनाच्या वाट्यास आली. मेजर वामनदास बसू यांच्या इंग्रजी ग्रंथानंतर प्रबोधनकार ठाकरे यांनी प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी हा ग्रंथ लिहिला. त्यांची भूमिका तीव्र आहे. महाराजांच्या पदच्युतीमागे वेदोक्ताचा सूड हे कारण ते सर्वांत पुढे ठेवतात आणि जहागिरींच्या आर्थिक प्रश्नास त्या मानाने कमी वजन देतात. ही त्रुटी मान्य केली तरी, छत्रपती या पदाचा विचार पराभवाच्या बाजूने करणारे मराठीतील महत्त्वाचे पुस्तक म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. सातारच्या जुन्या राजवाड्यात पुढे सरकारी हायस्कूल भरू लागले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथे भीमराव आंबेडकर यांचे नाव दाखल झाले; ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते.