पिएर फोशार : दाताच्या मुळात दांडी बसवणारे दंतवैद्य

रूट कॅनॉल केलेल्या दाताचा वरचा भाग फारच तुटलेला असेल, तर कॅपला आधार म्हणून मुळात बारीक दांडी बसवतात. तिला पोस्ट म्हणतात. या दांड्यांचे तपशीलवार वर्णन करणारे फ्रेंच दंतवैद्य म्हणजे पिएर फोशार.

 किशोरवयातच ते फ्रान्सच्या नौदलात शल्यवैद्य पोतलरे यांच्या हाताखाली शिकू लागले. ताजी फळे-भाज्या न मिळाल्याने खलाशांना स्कर्व्ही होई. हिरड्या सुजत, दात पडत. तोंडाचे आजार फोशार तिथेच शिकले. पुढे आंजे शहरात आणि नंतर पॅरिसमध्ये त्यांनी व्यवसाय केला. तेव्हा दात काढणारे भर बाजारात बसत. दातात खरोखर अळी असते, असाही समज होता (आपणही 'दात किडला' असेच म्हणतो!). फोशार यांना सूक्ष्मदर्शकातून अळी दिसली नाही.

1728 मध्ये त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. ते सोन्याची किंवा चांदीची दांडी राळेसारख्या पदार्थाने मुळात चिकटवत. दांडी आणि सोन्याच्या तारेने बसवलेले दात कधी 15-20 वर्षे टिकतात, दोऱ्याने बांधलेले लवकर सुटतात, अशी त्यांची नोंद आहे. 1761 मध्ये ते वारले.

त्यानंतर लाकडी दांड्या आल्या. लाकूड लाळेने फुगे, पकड घट्ट होई, पण मूळच चिरे.

हा धोका आजही पूर्ण गेलेला नाही. पोस्टमुळे मूळ मजबूत होत नाही. ती फक्त वरचा भराव धरून ठेवते. फायबरची पोस्ट दाताइतपतच लवते, त्यामुळे बिघडली तर बहुधा सुटते आणि पुन्हा बसवता येते. कडक धातूच्या पोस्टने मूळ उभे तडकले, तर दात काढावाच लागतो. खरा टिकाऊपणा हिरडीवर चहूबाजूंनी उरलेल्या दीड-दोन मिलिमीटर निरोगी दातावर असतो. कॅप त्याला कड्यासारखी धरते.

शहापूर-मुरबाडच्या गावांतून येणाऱ्यांना दर खेपेला दिवसाची मजुरी बुडवावी लागते. दुखणे थांबले की कॅप राहून जाते. मग तात्पुरता भराव झिरपतो आणि उरलेला दातही तुटतो. म्हणून किती खेपा लागतील, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. पोस्टसकट कॅप निघाली, तर घरी गोंदाने चिकटवू नका. स्वच्छ डबीत ठेवून दोन-चार दिवसांत घेऊन या.