ब्रेक पेडलखालचा पास्कल

वाचायच्या आधी एक छोटा प्रयोग करून बघा. सपाट जागी उभ्या असलेल्या बंद चारचाकीत बसा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबा. आधी ते मऊ जाईल, मग दगडासारखं कडक होईल. आता पाय तसाच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल आपोआप थोडं खाली बसेल. कुणीतरी तुमच्या पायाला हात दिला! तो कुणी दिला, हे आम्हाला एका जुन्या पिकअपने शिकवलं.

वर्कशॉपमागे पडून असलेला एक छोटा पिकअप आम्ही काही जणांनी हाती घेतला होता. गाडी रस्त्यावर न्यायची नव्हती (परवानगीशिवाय ब्रेकमध्ये असा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही), कॅम्पसमध्येच सामान वाहायचं होतं. ब्रेक बूस्टरचा डायफ्राम फाटलेला. ठरलं, बूस्टर काढून टाकायचा आणि साधा ब्रेक करायचा. चार नटांचं तर काम! तेवढ्यात सरांनी विचारलं की बूस्टर जी ताकद देत होता, ती आता कुठून आणणार? आम्ही गप्प. उत्तर शोधताना आठवीच्या पुस्तकातलं एक नाव पुन्हा भेटलं: ब्लेझ पास्कल. त्याचा नियम पाठ होता, एककही पाठ होतं. माणूस मात्र माहीत नव्हता.

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ चा, फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावचा. तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील एतिएन करखात्यातले अधिकारी आणि स्वतः चांगले गणिती. थोरली बहीण जिल्बर्त, धाकटी जॅकलीन. १६३१ मध्ये वडील मुलांना घेऊन पॅरिसला आले आणि त्यांना घरीच शिकवू लागले. आधी भाषा पक्क्या व्हाव्यात म्हणून त्यांनी गणिताची पुस्तकं कुलपात ठेवली. पोराने बाराव्या वर्षी जमिनीवर रेघोट्या ओढत, त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी असते हे आपलं आपणच शोधलं. मग वडिलांनी हात टेकले आणि युक्लिडचं पुस्तक हातात दिलं. सोळाव्या वर्षी त्याने शंकुच्छेदांवर निबंध लिहिला.

वडिलांची नेमणूक रूआँ शहरात करवसुलीवर झाली. रात्र-रात्र आकडेमोड करणारे वडील बघून १६४२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याने बेरीज-वजाबाकीचं यंत्र करायला घेतलं. हातचा आपोआप पुढच्या चाकावर गेला पाहिजे, ही खरी अडचण होती. त्यासाठी त्याने पन्नासच्या आसपास नमुने बनवून पाहिले म्हणतात. आपण प्रोजेक्टचा दुसरा नमुना करायचा म्हटला तरी कंटाळतो! यंत्र चाललं, पण महाग पडल्यामुळे फारसं खपलं नाही.

या सगळ्यात त्याचं शरीर मात्र साथ देत नव्हतं. अठराव्या वर्षापासून दुखण्याशिवाय क्वचितच एखादा दिवस गेला, असं त्याच्या बहिणीने लिहून ठेवलं आहे. ऐन तेविशी-चोविशीत काही काळ कमरेखालचं अंग इतकं लुळं पडलं की कुबड्या घ्याव्या लागल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा.

त्याच काळात इटलीतल्या टॉरिसेलीच्या पाऱ्याच्या नळीची बातमी रूआँला पोचली. नळीत पाऱ्याच्या वर जी मोकळी जागा राहते, तिथे काय असतं? निसर्गाला पोकळी चालतच नाही, हे ॲरिस्टॉटलपासूनचं मत. काहींचं म्हणणं, तिथे द्रवाचीच वाफ भरलेली असते. पास्कलने वाद घातला नाही. सुमारे पंधरा मीटर लांबीच्या काचेच्या नळ्या करवून घेतल्या, त्या जहाजाच्या डोलकाठीला बांधल्या आणि एकीत पाणी, दुसरीत वाइन भरून लोकांसमोर उभ्या केल्या. वाफेचाच प्रताप असता तर लवकर उडणारी वाइन पाण्यापेक्षा खाली राहायला हवी होती. ती वर राहिली, कारण ती हलकी आहे. म्हणजे नळीतला द्रव बाहेरच्या हवेच्या वजनाने तोलला जातो.

मग उंचावर हवा कमी, तर पाराही खाली यायला हवा. क्लेरमाँजवळ पुई द दोम नावाचा १४६५ मीटर उंचीचा डोंगर आहे. पास्कल होता पॅरिसमध्ये, आणि प्रकृती ही अशी. त्याने जिल्बर्तच्या नवऱ्याला, पेरिएला, पत्र लिहून काम सोपवलं. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए गावातली प्रतिष्ठित मंडळी घेऊन डोंगर चढला. एक नळी पायथ्याच्या मठात ठेवून दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला एक साधू बसवला. वर पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली आला. खालची नळी दिवसभर होती तिथेच. हवेला वजन आहे, हे डोंगराने दाखवून दिलं.

मलकापूरहून राजूर घाट चढून बुलढाण्याला जाताना आपणही हेच करतो. पाऱ्याची नळी सोबत घेतली तर बुलढाण्यात पारा तीन सेंटिमीटरच्या आसपास खाली दिसेल. एसटीत उलटी न होऊ देण्याच्या नादात हे कुणाच्या ध्यानात येत नाही, एवढंच!

१६५१ मध्ये वडील वारले. पुढच्याच वर्षी लाडकी जॅकलीन पोर्ट रॉयलच्या मठात कायमची निघून गेली. एकट्या पडलेल्या पास्कलने १६५४ पर्यंत द्रवांच्या समतोलावरचा ग्रंथ लिहून काढला. त्यात एक भांडं आहे. त्याला दोन तोंडं, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठं, दोन्हींत दट्टे. लहान दट्ट्यावर एक माणूस जोर लावेल, तर मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांना तो तोलून धरेल. मात्र मोठा दट्टा शंभरावा हिस्साच सरकेल, हेही त्याने स्पष्ट लिहिलं. ताकद मिळेल, पण अंतर द्यावं लागेल.

त्याच वर्षी फर्माशी पत्रव्यवहार करून त्याने संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री त्याला काही उत्कट धार्मिक अनुभव आला. तो लिहिलेला कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. मरणानंतर तो सापडला. पुढे तो बराचसा धर्मचिंतनाकडे वळला, पण लोकांच्या उपयोगाचं डोक्यातून गेलं नाही. मार्च १६६२ मध्ये पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या, ती त्याचीच कल्पना. आपल्या एसटीची पणजीच म्हणा! १९ ऑगस्ट १६६२ रोजी तो वारला. वय अवघं ३९. द्रवांवरचा ग्रंथ छापून आला तो दुसऱ्या वर्षी, १६६३ मध्ये. दाबाच्या एककाला त्याचं नाव मिळायला १९७१ उजाडलं.

आता पुन्हा पिकअपकडे. ब्रेक ऑइल हे पास्कलच्या भांड्यातलं पाणी आणि मास्टर सिलिंडर हा लहान दट्टा. बूस्टर म्हणजे पुई द दोम: डायफ्रामच्या एका बाजूला व्हॅक्यूम, दुसरीकडे बाहेरची हवा. आम्ही हिशेबाला धरलेले आकडे असे. पायाचा जोर ३० किलो, पेडलचा लिव्हर चौपट, म्हणजे १२० किलो. डायफ्राम ९ इंची, क्षेत्रफळ ४१० चौरस सेंटिमीटर; व्हॅक्यूम ५०० मिलिमीटर पारा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.६८ किलो. हवेची मदत जास्तीत जास्त पावणेतीनशे किलो! चारशेपैकी आपले फक्त १२०.

हवा काढून घेतली की सगळा भार द्रवावर आणि लिव्हरवर. आम्ही मास्टर सिलिंडर एक इंचाऐवजी पाऊण इंची घेतला, दाब पावणेदोन पट झाला. लिव्हर चारपटीचा सहापट केला. एकूण १२० चे ३२० झाले. तरी चारशे नाहीतच, आणि पेडलला तेवढ्याच पटीने जास्त खोल जावं लागणार. पास्कलने सांगितलेली किंमत!

सगळं जोडून, ब्रेकची एअर काढून, मैदानात चुन्याची रेघ मारली आणि माल भरून चालण्याच्या वेगाने चाचणी घेतली. आमच्यातल्या पैलवानाने गाडी रेघेवर थांबवली. मग सगळ्यात किरकोळ मित्र बसला. त्याने दोन्ही पायांनी जोर लावला, तरी गाडी रेघ ओलांडून बरीच पुढे गेली. तो उतरला तेव्हा त्याचे पाय थरथरत होते. समोर मोकळं मैदान होतं म्हणून हसलो. राजूर घाट असता तर?

त्या संध्याकाळी आम्ही ठरवलं, बूस्टर परत बसवायचा. पैलवानाने दाबल्यावर लागणारा ब्रेक काय कामाचा? सगळ्यात कमजोर पायालाही लागला तरच तो ब्रेक. थोड्या ताकदीची पुष्कळ कशी करायची, याचा नियम ज्याने लिहिला त्याला कधीकाळी कुबड्यांशिवाय चालता येत नव्हतं. नवीन डायफ्राम बसवून इंजिन सुरू केलं तेव्हा त्याच किरकोळ मित्राच्या पायाखाली पेडल अलगद खाली बसलं.