सरस्वतीदेवी

पारशी कुळातील खुर्शेद मिनोचेर-होमजी ह्यांचा जन्म सन १९१२ चा. पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांजपाशी त्या संगीत शिकल्या, व बहिणींसह मुंबईच्या नभोवाणीवर गाऊ-वाजवू लागल्या. पुढे हिमांशु राय ह्यांनी त्यांस बॉम्बे टॉकीजमध्ये बोलाविले. परंतु आपल्या लेकींनी बोलपटांत जावे हे पारशी समाजास रुचेना. मोठा विरोध झाला. तेव्हा खुर्शेदबाईंनी सरस्वतीदेवी हे नाव घेतले, आणि बहीण माणेक चंद्रप्रभा झाली. आईबापांनी ठेविलेले नाव टाकणे किती जड गेले असेल! सन १९३६ मध्ये निघालेल्या ‘अछूत कन्या’ ह्या अस्पृश्य मुलीच्या कथेतील गीतांस चाली त्यांच्याच. देविका राणी व अशोककुमार हे काही कसलेले गवई नव्हत. म्हणून बाईंनी चाली सोप्या ठेविल्या, व त्या सामान्य जनांच्याही ओठी बसल्या. सन १९८० मध्ये त्या निवर्तल्या. बोलपटांवर नाव राहिले ते सरस्वतीदेवी हेच.