पेटीला गळा देणारे गोविंदराव टेंबे

दिवाळी सरली, धानाची कापणी उरकली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात नाटकांचे दिवस सुरू होतात. कामठा आणि आसपासच्या गावांतील वाचकांना झाडीपट्टीच्या रंगभूमीची ओळख करून देण्याची गरज नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मंडप उभे राहतात, थंडीत घोंगड्या पांघरून माणसे रात्रभर बसतात आणि रंगमंचापुढे वादकमंडळी सूर धरतात. अलीकडे त्यांच्यात विजेवर चालणारे कीबोर्डही आले आहेत. एका बोटाच्या स्पर्शाने सनई, बासरी वा ऑर्गनचा आवाज काढणारी ही वाद्ये घरोघरीही पोहोचली असून हौसेने ती वाजविणारे तरुण आम्हांस अनेकदा भेटतात. या हौसेमागे एक मोठी परंपरा आहे, हे मात्र त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. त्या परंपरेचे एक आद्य पुरुष म्हणजे गोविंद सदाशिव टेंबे. त्यांच्या जीवनाचा थोडक्यात परिचय करून देण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळील सांगवडे येथे झाला. ते दिवस कोल्हापूरच्या संगीताच्या भरभराटीचे होते. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाला १८९५ साली उस्ताद अल्लादिया खाँ आले होते आणि गावातील देवल क्लब हे गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचे हक्काचे ठिकाण बनले होते. याच क्लबात गोविंदरावांना शास्त्रीय संगीताची गोडी लागली. पेटी मात्र ते बहुतांशी स्वतःच शिकले. कोणाचा रीतसर गंडा बांधलेला नसताना केवळ ऐकून, आठवून आणि पुन्हा पुन्हा वाजवून त्यांनी बोटे तयार केली. पुढे भास्करबुवा बखले यांच्या सहवासात त्यांनी अनेक वर्षे साथ केली. बुवांच्या गायकीचा आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या मार्गदर्शनाचा त्यांच्यावर खोल संस्कार झाला. हौस म्हणून जवळ केलेले वाद्य अशा रीतीने त्यांच्या आयुष्याचा व्यासंग बनले.

येथे वाद्याविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. हार्मोनियम आपल्या मातीतील नव्हे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं यांनी १८४२ साली त्याचे एकस्व घेतले. लहान चर्चमध्ये नळ्यांचा मोठा ऑर्गन परवडत नसे, तेथे पायाने भाता चालविण्याचे हे वाद्य सोयीचे ठरले. मिशनरी आणि युरोपीय कुटुंबांबरोबर ते भारतात आले. आपले लोक जमिनीवर बसून गाणारे. म्हणून कोलकात्यात ते छोटे झाले, त्याला हाताने चालविण्याचा भाता बसला आणि आपली बाजाची पेटी तयार झाली. तिचाच थोरला नातलग म्हणजे पायाने चालविण्याचा ऑर्गन. पेटीत भात्यातील हवा स्वरपट्ट्यांवरून बाहेर ढकलली जाते, तर या ऑर्गनमध्ये ती बहुधा आत ओढली जाते. त्यामुळे त्याचा नाद अधिक मृदू आणि भरीव वाटतो. शिवाय भाता पायांकडे गेल्याने वादकाचे दोन्ही हात मोकळे राहतात. मराठी संगीत नाटकाने हा ऑर्गन इतका आपलासा केला की, बालगंधर्वांचे गाणे म्हटले की त्यामागील ऑर्गनचे सूरही जुन्या रसिकांच्या कानी आपोआप येत.

परंतु या वाद्यात एक मूलभूत उणीव आहे. त्याचे स्वर एकदा बसविले की पक्के होतात. गवई एका स्वरावरून दुसऱ्यावर सहज घसरत जातो, त्याला आपण मींड म्हणतो. पेटीला ते जमत नाही. रागारागांतून बदलणाऱ्या सूक्ष्म श्रुतीही तिच्यात सापडत नाहीत. अशा वाद्यावर गोविंदरावांनी गाणे वाजविले. स्वरांवरील हलका दाब, भात्याचा संयम, मधल्या स्वरांचा निसटता स्पर्श आणि गवयाप्रमाणे योग्य ठिकाणी घेतलेला विराम यांच्या बळावर ऐकणाऱ्याला गळाच ऐकत असल्याचा भास होई. केवळ साथीचे समजले जाणारे हे वाद्य त्यांनी स्वतंत्र मैफलीत मानाने बसविले.

१२ मार्च १९११ रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘संगीत मानापमान’ किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातील पदांना गोविंदरावांनी चाली दिल्या होत्या. उत्तर हिंदुस्थानातील ठुमरी, कजरी, होरी या गानप्रकारांचा रंग त्यांनी मराठी पदांत इतक्या बेमालूमपणे मिसळला की, ती पदे शतकानंतरही गायली जातात. पदांच्या चालींची संपूर्ण जबाबदारी एका संगीतकाराने घेण्याची प्रथा मराठी रंगभूमीवर यातूनच रुजली, असे मानले जाते. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव या तिघांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. ही भागीदारी फार काळ टिकली नाही. गोविंदराव बाहेर पडले, त्यांनी शिवराज मंडळी काढली, स्वतः भूमिका केल्या, नाटके लिहिली.

पुढे बोलपट आला. पाश्चात्य देशांत मूकपटांना साथ देण्यासाठी चित्रपटगृहांत मोठमोठे ऑर्गन बसविलेले असत. पडदा बोलू लागताच त्यांचे काम संपले आणि असंख्य वादक बेकार झाले. आपल्याकडे त्याच बोलपटाने संगीत नाटकांची गर्दी ओढून नेली. गोविंदराव मात्र रुसून बसले नाहीत. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटास त्यांनी संगीत दिले आणि दुर्गाबाई खोटे यांच्यासमवेत राजा हरिश्चंद्राची भूमिकाही केली. तेव्हा त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते.

त्यांच्या हयातीतच पेटीवर मोठा आघात झाला. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला आपल्या केंद्रांवर बंदी केली. हे वाद्य परके आहे आणि भारतीय स्वरांना न्याय देऊ शकत नाही, असा आक्षेप होता. ज्या वाद्याला आयुष्य दिले, तेच अपात्र ठरविले जावे, ही गोष्ट कोणाही वादकाला क्लेशदायकच. ही बंदी १९७१ साली शिथिल झाली. ते पाहण्यास गोविंदराव नव्हते. उत्तरायुष्यात त्यांनी स्वतःही पेटी बाजूला ठेवून गायनाची वाट धरली होती. आम्हांस यात विसंगती दिसत नाही. पेटीतून ते गळाच शोधत होते. अखेरीस ते गळ्याकडेच गेले. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ ही त्यांची पुस्तके या शोधाची साक्ष देतात. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे ही परंपरा खंडित झाली नाही. पेटी व ऑर्गनवर नाट्यसंगीताची साथ करणारे गोविंदराव पटवर्धन, गोमंतकातून आलेले तुळशीदास बोरकर अशा वादकांनी ती पुढे नेली.

वाचकहो, आपल्या चर्चमधील गायकवृंदामागे जो सूर उभा राहतो आणि झाडीपट्टीच्या मंडपात जो सूर घुमतो, ते दोन्ही एकाच कुळातील आहेत. परके म्हणून हिणविलेले वाद्य आपले होऊ शकते. मात्र त्यासाठी कोणीतरी त्याच्या उणिवा ओळखून त्याच्यापाशी चिकाटीने बसावे लागते. आज कीबोर्डवर तयार ताल आणि तयार साथ एका कळीवर मिळते. ते वापरण्यात काही गैर नाही. परंतु आमच्या तरुण मित्रांना आमची एक विनंती आहे. कधी तो तयार ताल बंद करावा, एकच जुने पद निवडावे आणि ते गळ्यातून जसे येते तसे बोटांतून येते का, हे पाहावे. पहिल्या दिवशी येणार नाही. गोविंदरावांनाही ते पहिल्या दिवशी आले नव्हते.