भागीदार गेले, सूर राहिला

१९१३ साली नारायणराव राजहंस, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस या तिघांनी किर्लोस्कर मंडळी सोडून ‘गंधर्व नाटक मंडळी’ काढली. पुढे टेंबे बाहेर पडले, मग बोडसही. उरले बालगंधर्व आणि डोंगराएवढे कर्ज.

बँकेत कर्जखाती पाहण्यात हयात गेलेल्या मला या माणसाचे नवल वाटते. भरजरी शालू, अत्तरे, तबल्याला थिरकवा, सारंगीला कादरबक्ष! रसिकाला उणे काही द्यायचे नाही, एवढाच त्यांचा हिशेब. १९११ मध्ये ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी पोटची मुलगी गेली, तरी ते उभे राहिले. १९२१ मध्ये केशवराव भोसल्यांसह त्याच नाटकाचा संयुक्त प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी केला. कर्ज मात्र गाऊनच फेडत राहिले.

बोलपट आले, प्रेक्षक तिकडे वळले. १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले, पुढे मंडळीत नायिका गोहरबाई झाल्या. १९६७ मध्ये बालगंधर्व गेले.

रेडिओवर त्यांचे पद लागले की वणीच्या आमच्या घरी आई चूल सोडून दारात येऊन बसे. त्या खात्यात येणे त्यांचे निघते, देणे आपले.